९.८ येत नाहीये? आधी दोरा बघा!

जर्नलमधलं रीडिंग ‘मॅनेज’ करण्याआधी एकदा वर बघा. लंबक ज्याला लटकलाय तो दोरा कदाचित तुम्हाला काहीतरी सांगत असेल.

खरं सांगा, तुम्हीही केलंय ना?

फिजिक्सचं प्रॅक्टिकल चालू आहे. तुमच्या हातात स्टॉपवॉच, समोर डुलणारा गोळा आणि शेजारी पार्टनर ओरडतोय, ‘अठरा, एकोणीस, वीस... थांबव!’ आकडेमोड होते आणि उत्तर येतं ९.५. पुस्तकात काय दिलंय? ९.८. तास संपायला दहा मिनिटं उरलीत. सर सह्या करायला उठलेत. मग काय, आपण गणित उलटीकडून करतो. ९.८ यायला वेळ किती हवा होता ते काढतो आणि तोच आकडा तक्त्यात लिहून टाकतो. पेन्सिलने लिहिलेलं खरं रीडिंग खोडरबरने साफ. सही मिळते. विषय संपला.

मी केलंय. एकदा नाही, अकरावी-बारावीची दोन्ही वर्षं. आमच्या लॅबमध्ये एक पत्र्याचा डबा होता. त्यात दोऱ्यांचा गुंता. पांढरा, लाल, जाड, बारीक, गाठी मारलेला, कुणीतरी पायजम्याच्या नाडीतून काढल्यासारखा. हाताला येईल तो तुकडा ओढायचा, गोळा बांधायचा, चालू. दोरा कोणता घ्यायचा हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. दोऱ्यात काय एवढं विचारायचं?

पुढे मी सायन्स सोडलं, मास कॉमला आले आणि हे सगळं विसरूनही गेले. गेल्या महिन्यात एका रात्री साताऱ्याहून मावसभावाचा फोन आला. तो यंदा अकरावीत आहे.

‘तायडे, जी साडेनऊच येतोय. तीनदा केलं. सरळ ९.८ टाकून देऊ का?’

मी ‘टाक की’ म्हणणारच होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण तो पुढे म्हणाला, ‘तीनदा केलं तरी तेच येतंय गं. चुकत असेल तर दरवेळी वेगळं चुकायला पाहिजे ना?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रविवारी एसटी पकडली आणि साताऱ्याला गेले.

आधी संशयित तपासले

मावशीच्या घरी दाराच्या चौकटीला खिळा, खिळ्याला दोरा, दोऱ्याला लॅबमधून आणलेला लोखंडी गोळा. दोरा ९९ सेंटीमीटर, गोळ्याची त्रिज्या १, म्हणजे लंबकाची लांबी बरोबर १०० सेंटीमीटर. त्याने २० दोलनांना लागणारा वेळ मोजला होता. तो येत होता ४०.८ सेकंद.

‘टी इज इक्वल टू टू पाय रूट एल बाय जी’ हे तर आपल्या सगळ्यांना झोपेतही येतं. त्यात आकडे घातले की जी येतो ९.४९. गणित बरोबर होतं. मग चुकलं कुठे?

पहिला संशय मोजण्यावर. गोळा सोडताना ‘एक’ म्हणालात तर तुम्ही वीस नाही, एकोणीसच दोलनं मोजता. ‘शून्य’ म्हणून सुरू करायचं असतं. ही चूक भल्याभल्यांची होते. पण ही चूक झाली असती तर वेळ कमी आला असता आणि जी वाढून जवळजवळ ११ पर्यंत गेला असता. आमचा कमी येत होता. म्हणजे हा संशयित निर्दोष.

दुसरा संशय कोनावर. गोळा फार लांब ओढून सोडला तर दोलनकाळ वाढतो. ३० अंशांपर्यंत ओढला तर वाढ पावणेदोन टक्क्यांच्या आसपास जाते. जीमध्ये ती दुप्पट होऊन दिसते, म्हणजे साडेतीन टक्के. हे आमच्या चुकीशी जुळत होतं! पण भाऊ गोळा जेमतेम आठ-नऊ सेंटीमीटरच बाजूला घेत होता. एक मीटरच्या लंबकाला हा झाला पाच अंशांचा कोन. तिथे फरक पडतो अर्ध्या टक्क्याच्याही दहाव्या भागाएवढा. हाही निर्दोष.

तिसरा संशय बोटावर. स्टॉपवॉच दाबायला उशीर होतो, मान्य. पण दोन्ही टोकांना मिळून तो साधारण पाव सेकंदाचा. शिवाय तो कधी इकडे, कधी तिकडे होतो. इथे फरक होता सहा दशांश सेकंदांचा आणि तिन्ही वेळा एकाच बाजूला. भावाचा प्रश्न बरोबर होता. चूक प्रत्येक वेळी तेवढीच आणि त्याच दिशेने होत असेल तर ती हाताची नसते. ती मांडणीत कुठेतरी बसलेली असते.

राहिली लांबी. ‘लांबी मोजलीये मी नीट,’ तो म्हणाला. ‘जमिनीवर दोरा ठेवला, शेजारी पट्टी ठेवली, खुणा केल्या.’

‘जमिनीवर?’

दोघांनी एकदमच वर बघितलं. दोरा होता मावशीच्या विणकामाच्या पिशवीतून उचललेली लोकर. छान मऊ, निळी. स्वेटरला एकदम मस्त. मी टेप लावली आणि खिळ्यापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजलं. १०३ सेंटीमीटर.

तीन सेंटीमीटरची किंमत

पुस्तकात साध्या लंबकाची व्याख्या आठवा. वजन नसलेल्या, न ताणल्या जाणाऱ्या, सहज वाकणाऱ्या दोरीला टांगलेला जड बिंदू. आपण ही व्याख्या दोन मार्कांसाठी पाठ करतो आणि पुढे जातो. पण ती नीट वाचली तर लक्षात येतं की ती दोरा विकत घ्यायला जातानाची यादी आहे. वजन नसलेली म्हणजे गोळ्याच्या मानाने खूपच हलकी. सहज वाकणारी म्हणजे ताठ नको. आणि न ताणली जाणारी म्हणजे? लोकर नको!

आता हिशेब बघा. लांबीत ३ टक्के चूक झाली की जीमध्येही ३ टक्के चूक. ९.७९ च्या जागी ९.५. आम्ही लगेच १०० ऐवजी १०३ घालून पुन्हा गणित केलं. वेळ तोच, ४०.८ सेकंद. उत्तर आलं ९.७७.

भाऊ उडालाच. ‘म्हणजे माझं रीडिंग बरोबरच होतं!’

हो ना. त्याचं स्टॉपवॉच खरं बोलत होतं. लंबक खरं बोलत होता. लंबक १०३ सेंटीमीटरचा होता आणि तो १०३ सेंटीमीटरच्या लंबकासारखाच डुलत होता. खोटी होती ती फक्त जमिनीवर मोजलेली लांबी. आणि आम्ही खोडायला निघालो होतो काय? तर तक्त्यातला एकमेव खरा आकडा.

मग लोकर चालेल की!

हे भावाचं पुढचं लॉजिक. लांबी टांगल्यावर मोजायची, मग दोरा कुठलाही घ्या, काय फरक पडतो? ऐकायला पटतं. मलाही पटलं होतं. आम्ही चहा प्यायलो, गप्पा मारल्या, तासाभराने सहज पुन्हा टेप लावली. १०३.६. गोळा तिथेच, खिळा तिथेच आणि लोकर हळूहळू खाली उतरत चाललेली.

ताणण्याचे हे दोन प्रकार असतात. एक लगेचचा. वजन लावलं की लांबी वाढते, काढलं की बरीचशी परत येते. दुसरा सावकाशीचा. वजन लटकलेलं असताना दोरा मिनिटामिनिटाला थोडा थोडा सैलावत जातो. पहिला प्रकार टांगून मोजल्यावर पकडला जातो. दुसरा पकडायचा तर दर रीडिंगला टेप घेऊन उभं राहावं लागेल. शिवाय गाठीही हळूहळू आवळत जातात, तिथेही मिलीमीटर-दोन मिलीमीटर जातात.

आणि यात एक गंमत आहे. गंमत कसली, फसवणूकच. आपण एकाच लांबीवर थांबत नाही ना? ६०, ७०, ८०, ९०, १०० अशा लांब्या घेऊन आलेख काढतो. आडव्या अक्षावर लांबी, उभ्या अक्षावर दोलनकाळाचा वर्ग. सरळ रेषा आली की आपण खूश. मला वाटायचं, दोरा ताणला असेल तर रेषा वाकडी येईल आणि चूक कळेल.

नाही कळत! ताण लांबीच्या प्रमाणात असतो. ६० सेंटीमीटरचा दोरा ६१.८ होतो, १०० चा १०३ होतो. प्रत्येक बिंदू तीन-तीन टक्क्यांनी वर सरकतो. रेषा तरीही सरळच राहते आणि शून्यातूनही जाते. फक्त तिचा चढ चुकीचा असतो आणि जी आपण त्या चढावरूनच काढतो. म्हणजे दिसायला एकदम देखणा आलेख आणि उत्तर चूक. आलेख पाहून ‘व्हेरी गुड’ मिळेल.

याउलट गोळ्याची त्रिज्या धरायला विसरलात तर? मग प्रत्येक लांबीत सारखाच, एक सेंटीमीटरचा फरक पडतो. रेषा शून्यातून जात नाही, आलेख जरा विचित्र दिसतो, पण चढ बरोबर राहतो आणि आलेखावरून काढलेला जी बरोबर येतो. बघा, कुरूप दिसणाऱ्या आलेखात उत्तर बरोबर आणि सुंदर आलेखात चूक. हे मला बारावीत कुणी सांगितलं असतं तर मी कदाचित फिजिक्स सोडलं नसतं. (सोडलंच असतं. पण इतक्या लवकर नाही.)

घरभर दोरे

मग आम्ही घर धुंडाळायला घेतलं. प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला आधी फक्त एक सेफ्टी पिन लावायची, म्हणजे तो नुसता सरळ होतो. पेनाने एक मीटरच्या दोन खुणा करायच्या. मग गोळा लावून खुणांमधलं अंतर मोजायचं. आणि शेवटी जास्तीची परीक्षा म्हणून लग्नात मिळते ती २०० मिलीलीटरची पाण्याची भरलेली बाटली. प्रयोगशाळा नाही, मावशीचा हॉल आहे, त्यामुळे एक-दोन मिलीमीटर इकडेतिकडे धरून चाला.

लोकर. गोळ्यालाच तीन सेंटीमीटर. बाटली लावल्यावर तर ती इतकी खाली आली की मावशी ‘माझी लोकर ठेवा’ म्हणून ओरडली. बाद. ब्रेसलेटचे मणी ओवायचा इलॅस्टिक दोरा तर परीक्षेला बसवलाच नाही.

तंगूस. मासे धरायच्या गळाला असते ती. पारदर्शक, गुळगुळीत, बघून वाटतं हिच्यासारखी दुसरी नाही. पण ती नायलॉन आहे आणि नायलॉन हा ताणला जाण्यासाठीच प्रसिद्ध. माशाने हिसका दिला तर तुटू नये म्हणून तो गुण कामाचा. लंबकाला मात्र तोच अवगुण. आमच्या हलक्या गोळ्याला तीन-चार मिलीमीटर, बाटलीला दोन सेंटीमीटर. वर रिळावर गुंडाळल्याची वेटोळी तिच्या अंगात राहतात आणि गाठ निसटते ती वेगळीच.

शिलाईचा दोरा. मशीनच्या रिळाचा. हल्ली बहुतेक पॉलिस्टरचा असतो. गोळ्याला दोन-तीन मिलीमीटर. एवढ्या हलक्या गोळ्यासाठी चालून जातो, पण बाटली लावली की सेंटीमीटरच्या पुढे.

सुती दोरा. ताण थोडाच, पण त्याचं दुखणं वेगळं. तो पिळाचा असतो. टोकाला गोळा लटकवला की पीळ उलगडायला लागतो आणि गोळा स्वतःभोवती गरागरा फिरतो. पीळ उलगडला की लांबी बदलते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्या हॉलमध्ये मात्र नुसत्या गोळ्याने पीळ चालला होता! शिवाय सुती दोरा हवेतला ओलावा धरतो. जुलैतलं रीडिंग आणि मार्चमधलं रीडिंग जुळेलच असं नाही.

मग भाऊ बाहेर जाऊन आला. चप्पल शिवणाऱ्या काकांकडून मेण लावलेल्या दोऱ्याचा दोन मीटरचा तुकडा घेऊन आला. काकांनी पैसेही घेतले नाहीत, फक्त विचारलं, ‘शाळेचं हाय का?’ हा दोरा गोळ्याला मिलीमीटरभरही हलला नाही. हलला असेल तर आमच्या टेपला दिसला नाही. मेणामुळे पीळ जागच्या जागी राहतो आणि गाठही घट्ट बसते. चप्पल शिवताना टाका सैल पडून चालत नाही. काकांची गरज आणि आपली गरज एकच निघाली.

याहून सरस एक गोष्ट गळाच्या दुकानात मिळते. ब्रेडेड लाइन. वेणीसारखी विणलेली असते, म्हणून पीळ उलगडायचा प्रश्नच नाही. ती वेगळ्या, अतिशय कमी ताणल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या तंतूंची असते. बारीक, हलकी आणि बाटलीलाही दाद न देणारी. एक रीळ घेतलं तर अख्ख्या कॉलेजची काही वर्षं निघतील. फक्त ती नायलॉनच्या तंगुसीशेजारीच ठेवलेली असते, त्यामुळे विचारून घ्या.

मनात येईल, मग सरळ तारच का नाही? तारही वापरतात. लिओं फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये पृथ्वी फिरते हे दाखवण्यासाठी लंबक टांगला, तो ६७ मीटर लांब पोलादी तारेलाच. पुण्यात ‘आयुका’मध्येही फुकोचा लंबक आहे, संधी मिळाली तर जाऊन बघा. पण फुकोचा गोळा होता २८ किलोचा. तो तारेला सरळ ठेवतो. आपल्या पस्तीस-चाळीस ग्रॅमच्या गोळ्याला तारेची घडीही सरळ करता येत नाही. तार न ताणली जाणारी आहे, पण सहज वाकणारी नाही. व्याख्येतली एक अट पाळायला गेलं की दुसरी मोडते, असं चालत नाही.

दोऱ्याची कटकटच नको म्हणणारेही झाले. भारतात लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम केलेला कॅप्टन हेन्री केटर पुढे लंडनला गेला आणि तिथे त्याने दोरा काढूनच टाकला. त्याजागी दोन्ही बाजूंनी टांगता येईल असा धातूचा दांडा. त्याचं काम १८१८ मध्ये पुढे आलं. बीएस्सीला गेलात तर ‘केटर्स पेंड्युलम’ म्हणून तो तुम्हाला भेटेलच.

प्रत्येक ठिकाणी नाही

आता लगेच सगळ्या लॅबमधले दोरे फेकायला निघू नका. बलांचा समांतरभुज चौकोन तपासायचा प्रयोग आठवतो? दोन कप्प्या, तीन वजनं, मध्ये गाठ. तिथे दोरा थोडा ताणला तरी बिघडत नाही, कारण सगळं स्थिर झाल्यावरच आपण खुणा करतो आणि मोजतो ते कोन. साधा सुती दोरा तिथे मजेत चालतो.

पण कप्पीवरून दोन वजनं सोडून त्वरण मोजत असाल, किंवा ट्रॉली ओढत असाल तर सावधान. दोन्ही वस्तूंचं त्वरण सारखं हे आपण गृहीत धरतो ते ‘दोरी ताणली जात नाही’ म्हणूनच. दोरी ताणणारी असेल तर एक वस्तू आधी निघते, दुसरी मागून हिसका खाऊन. सोपा नियम असा : उत्तरात लांबी किंवा हालचाल येत असेल तर दोरा तपासा.

खोडलं असतं तर?

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे १६७२ मध्ये पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला गेला. सोबत लंबकाचं घड्याळ. पॅरिसमध्ये ते बरोबर चालत होतं, केयेनला दिवसाला साधारण अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. ‘घड्याळ बिघडलं असेल’ म्हणून तो आकडा दाबून टाकू शकत होता. त्याने तसं केलं नाही, लंबक किती आखूड करावा लागतो ते नोंदवून ठेवलं. गुरुत्व सगळीकडे सारखं नाही, विषुववृत्ताकडे ते कमी असतं, हे त्यातून पुढे आलं. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त याचा आधार घेतला.

आणि हो, यात आपल्यासाठीही एक गोष्ट आहे. विषुववृत्तावर जी ९.७८, ध्रुवांवर ९.८३. आपल्या महाराष्ट्रात तो ९.७८-९.७९ च्या आसपास असतो. म्हणजे जर्नलमध्ये जे हौसेने ९.८१ ‘आणतात’, ते साताऱ्यात बसून युरोपातलं गुरुत्व मोजत असतात!

तुम्ही म्हणाल, आमचं काय केयेन आणि काय पॅरिस. प्रॅक्टिकलचे ३० मार्क मिळाले म्हणजे झालं. मीही हेच म्हणायचे. पण सध्या इंटर्नशिप करतेय तिथे पहिल्याच आठवड्यात एका बातमीतली बेरीज जुळेना. मी आकड्याआधी ‘सुमारे’ घातलं आणि बातमी पुढे ढकलली. जर्नलची सवय! डेस्कवरच्या सरांनी ती परत पाठवली. म्हणाले, ‘का जुळत नाही ते बघ.’ दोन फोन केले. आलेल्या यादीत एक गाव दोनदा लिहिलं गेलं होतं. न जुळणारी बेरीज तेच ओरडून सांगत होती आणि मी तिच्या तोंडावर ‘सुमारे’चा हात ठेवला होता.

बारावीत मी किती खरे आकडे खोडले असतील, याचा त्या रात्री पहिल्यांदा विचार आला. त्या डब्यातल्या गुंत्यात कोणता दोरा ताणत होता, हे आमच्या बॅचच्या चुकलेल्या रीडिंगवरून सहज कळलं असतं. सगळ्यांनीच ९.८ लिहिलं. त्यामुळे दोरा डब्यातच राहिला आणि पुढच्या बॅचच्या हातात गेला.

दोरा निवडताना

• दोरा बारीक, हलका आणि न ताणणारा हवा. पहिली पसंती ब्रेडेड लाइन किंवा मेण लावलेला चपलांचा दोरा. दोन्ही नसतील तर शिलाईचा दोरा, पण हलक्या गोळ्यालाच.

• लोकर, इलॅस्टिक, तंगूस, सैल पिळाचा जाड दोरा टाळा. नायलॉन मांजाला तर हातही लावू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली आहे. पक्ष्यांचे, माणसांचे गळे कापतो तो.

• घ्यायच्या आधी परीक्षा घ्या. सेफ्टी पिन लावून एक मीटरच्या खुणा करा, मग गोळा लावून पुन्हा मोजा. एक-दोन मिलीमीटरपेक्षा जास्त वाढला तर दुसरा बघा.

• गोळा बांधून दहा-पंधरा मिनिटं तसाच लटकू द्या. गाठी आवळू द्या, पीळ शांत होऊ द्या. मग प्रयोग सुरू करा.

• लांबी नेहमी गोळा लटकलेला असतानाच मोजा. टांगलेल्या जागेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत. प्रयोग संपल्यावर पुन्हा एकदा मोजा.

• वर नुसती गाठ नको. मधोमध चिरलेल्या बुचात दोरा दाबून धरा. म्हणजे लंबक नक्की कुठून डुलतो ते ठरतं.

• कोणता दोरा वापरला ते जर्नलमध्ये लिहा. एक ओळ लागते फक्त.

भावाने चपलांच्या दोऱ्यावर पुन्हा प्रयोग केला. लांबी १०० सेंटीमीटर, टांगून मोजलेली. वीस दोलनांना ४०.२ सेकंद. जी ९.७७. संध्याकाळी पुन्हा टेप लावली, लांबी तेवढीच.

‘आता लोकरवालं पान फाडू?’ त्याने विचारलं.

‘अजिबात नाही.’

त्याने दोन्ही तक्ते ठेवलेत. पहिल्याखाली लिहिलंय : ‘दोरा – लोकर. लांबी जमिनीवर मोजली. जी ९.४९.’ दुसऱ्याखाली : ‘दोरा – मेणाचा. लांबी टांगून मोजली. जी ९.७७.’ आणि मधल्या जागेत त्याच्या अक्षरात एक ओळ, फरक का पडला त्याची. सबमिशन पुढच्या आठवड्यात आहे. सर काय म्हणतील माहीत नाही.

तुमचं सबमिशन कधी आहे? ९.५ आलं तर खोडरबर जरा बाजूला ठेवा आणि खिळ्याला टेप लावा.